कडप्प्याच्या ओट्याखाली फ्रेम लावून दारं बसवावीत की मॉड्युलर बॉक्स करावेत?

ओटा आणि त्याखालचे कडप्प्याचे कप्पे शाबूत असतील तर ते फोडू नका, चौकट लावून दारंच करा. कडप्पा पाण्याने फुगत नाही, सिंकखाली तर तोच हवा. भिंत ओळंब्यात नसेल तर सुतार चौकटीला पाचर मारून फरक झाकतो.

तोटा आहे तो जागेचा. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाची पट्टी आली की १८ इंचांच्या कप्प्याचं तोंड १५ इंचांवर येतं. आमची कुकरची ट्रॉली नेमकी त्या पट्टीला अडायची. शेवटी आत लाकडी ठोकळे मारून त्यावर ट्रॉली सरकण्याचे चॅनल बसवावे लागले, आणि मोठा कुकर गेला वरच्या फळीवर.

त्यामुळे ट्रॉल्याच ट्रॉल्या हव्या असतील तर बिनफ्रेमचे मॉड्युलर बॉक्स घ्या. त्यांची बाजू साधारण १८ मिमीची, म्हणून जवळजवळ सगळी रुंदी हाताशी राहते. फक्त सिंकखाली पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला) अजिबात नको. प्लायवर ‘आयएस ७१०’चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का स्वतः बघा, आणि पाइपासाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला सिलिकॉन भरून घ्या. पाणी तिथूनच शिरतं.