शेततळ्याची जागा क्यूजीआयएसवर कशी शोधायची?

घरबसल्या जमतं, क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आधी एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने केलेल्या उंचीच्या मोजणीचा) 30 मीटरचा डीईएम, म्हणजे दर 30 बाय 30 मीटरच्या चौकोनाची उंची देणारा नकाशा, उतरवून घ्या, तोही फुकटच, आणि त्याचं प्रोजेक्शन यूटीएममध्ये (अंतर अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत) बदला, हे विसरलात तर उंची मीटरमध्ये आणि अंतर अंशात राहतं आणि सपाट माळसुद्धा कड्यासारखा उभा दिसतो (मी अर्धा दिवस डोकं खाजवत बसलो होतो). मग त्यातून उतार आणि पाणी कुठून वाहत येतं ते काढा. मातीचा थर, म्हणजे मातीच्या प्रकारांचा नकाशा, वेगळा लागतो, काळी चिकण माती पाणी धरते म्हणून तिला जास्त गुण, मुरमाडला कमी, तिथे प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो. शेवटी रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (क्यूजीआयएसमधलं नकाशांची आकडेमोड करणारं साधन) उतार, पाणी, माती या थरांना महत्त्वाप्रमाणे वजन देऊन गुणांची बेरीज, झालं.

पण कुठल्या थराला किती वजन हे आपणच ठरवतो ना, त्यामुळे नकाशावर जागा हिरवी, म्हणजे जास्त गुणांची, दिसली म्हणून लगेच जेसीबी बोलवू नका. नकाशाचा एक पिक्सेल (चौकोन) म्हणजे 900 चौरस मीटर, जवळपास 9 गुंठे, 30 बाय 30 मीटरचं अख्खं शेततळं त्यात मावतं, मग बांध आणि विहीर कुठून दिसणार? सगळ्यात जास्त गुणांच्या चारपाच जागा निवडा आणि पावसाळ्यात स्वतः जाऊन बघा पाणी खरंच तिकडे वळतंय का.