विचारा की : पावती कुणाच्या नावाने फाडायची?

या खेपेला तीनच पत्रं घेतलीयेत. पहिलं लांबलं म्हणून बाकीच्या दोघांना जागा कमी मिळाली, रागावू नका.

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगी-जावई अमेरिकेत व्हरमाँट राज्यात असतात. मागच्या महिन्यात नातू झोपाळ्यावरून पडला, हाताला प्लास्टर घातलं, आणि बिलाचा आकडा ऐकून आमचे हे म्हणाले की एवढ्यात तर मी त्याला विमानाने इंदूरला आणून प्लास्टर घालून परत पाठवला असता. जावई सांगतात की त्यांच्या राज्यात सगळ्यांचे दवाखान्याचे पैसे सरकारच भरणार असा, सिंगल पेयर म्हणतात तो, कायदा झालेला, पण पुढे बारगळला. हे म्हणतात त्यात काय नवीन, आपलं आयुष्मान कार्ड तेच तर आहे. खरं काय ते सांगा. – एक वाचक, सुदामानगर

उत्तर : काकू, काका अर्धे बरोबर आहेत (अर्धे तरी आहेत हे त्यांना जरूर सांगा).

आधी घरचं सांगते. माझे वडील मिलमध्ये होते. पगाराच्या चिठ्ठीवर एक बारीकसा रकाना असायचा ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, आणि आई दर महिन्याला त्यावर बोट ठेवून विचारायची, हे कशाचे कापले हो? मग एका पावसाळ्यात मला टायफॉइड झाला, बीमा हॉस्पिटलात भर्ती केलं, तर खिडकीवर वडिलांचं कार्ड तेवढं बघितलं, नंबर लिहून घेतला, पैशाचं कुणी नावच काढलं नाही. घरी आल्यावर आईने त्या रकान्याबद्दल परत कधी विचारलं नाही. हा १९४८ चा कायदा, थोडं कामगाराचं कापायचं, जास्त मालकाकडून घ्यायचं, सगळं एका पेटीत टाकायचं आणि इलाज त्या पेटीतून. आता हीच पेटी मिल कामगारांपुरती न ठेवता अख्ख्या राज्याची केली, म्हणजे शेठ, हमाल, मास्तर, रिटायर्ड सगळे एकाच पेटीत, की झालं सिंगल पेयर. फरक एक आहे, ईएसआयची स्वतःची हॉस्पिटलं असतात, सिंगल पेयरमध्ये ती सरकारचीच पाहिजेत असं नाही. डॉक्टर खाजगी चालतो, हॉस्पिटल पण खाजगी चालतं, फक्त बिल एकाच ठिकाणी जातं.

एकाच ठिकाणी गेल्याने काय होतं म्हणाल तर माझ्या दिराचं ऐका. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, एका खाजगी हॉस्पिटलात, कॅशलेस. सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले जा घरी. मग टीपीएच्या (म्हणजे विमा कंपन्यांचे क्लेमचे कागद बघतात त्या) टेबलावरची मुलगी म्हणाली क्वेरी आलीये. दुपारी म्हणाली अजून एक आलीये. जाऊबाई पिशव्या भरून पलंगावर बसलेल्या, शेजारी पुढचा पेशंट स्ट्रेचरवर ताटकळतोय आणि आम्ही सुटलो संध्याकाळी साडेसहाला. त्या टेबलावर तीन माणसं दिवसभर फक्त कंपन्यांना कागद पाठवत होती, दर कंपनीचा फॉर्म वेगळा, रेट वेगळा. अमेरिकेत हेच पण कितीतरी पटीने. शिवाय भावाचं आहे, पन्नास गिऱ्हाइकं वेगवेगळी आली तर दुकानदार आपला भाव सांगतो, सगळ्या गल्लीचा किराणा एकच माणूस घेणार असला की तोच दुकानदार खुर्ची पुढे करतो.

आता आयुष्मान. पैसे सरकारच देतं, केंद्र ६० टक्के आणि राज्य ४०, रेट पण ठरवलेले, तेवढ्यापुरते काका बरोबर. पण ते ठराविक कुटुंबांसाठी आणि आता ७० च्या पुढच्यांसाठी, वर्षाला ५ लाखांपर्यंत आणि मुख्यतः भर्ती झालात तर. बाकीच्यांसाठी मेडिक्लेम आहे, कंपनीचा ग्रुप आहे, ईएसआय आहे, केंद्र सरकारच्या नोकरांचं-पेन्शनरांचं सीजीएचएस आहे आणि काहीच नसलेल्यांना आपला खिसा आहे. आपल्याकडे पेट्या पुष्कळ आहेत हो, एक नाहीये एवढंच.

जावयांच्या राज्याची गोष्ट मजेची आहे. व्हरमाँट म्हणजे जेमतेम साडेसहा लाख माणसं, आपल्या इंदूरच्या एक तृतीयांश पण नाही. २०११ मध्ये गव्हर्नर पीटर शमलिन यांनी कायद्यावर सही केली, योजनेचं नाव ग्रीन माउंटन केअर, आराखडा केलेला हार्वर्डच्या विल्यम श्याव यांनी. हे तेच, तैवानच्या अशाच योजनेच्या आखणीत होते, आणि तैवानची १९९५ पासून सुरू आहे. म्हणजे नकाशा काढणारा काही कच्चा नव्हता. घोडं अडलं ते पैशावर. हिशोब मांडला तर मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के कर आणि लोकांवर उत्पन्नाच्या ९.५ टक्क्यांपर्यंत, असा आकडा आला. डिसेंबर २०१४ मध्ये शमलिन स्वतःच म्हणाले की आत्ता हे झेपणार नाही. त्याच्या महिनाभर आधी ते निवडणुकीत पडता पडता वाचले होते, ते पण लक्षात असू द्या.

माझं मत विचाराल तर लोक आकड्यापेक्षा आकडा *दिसण्याला* घाबरले. विम्याचा हप्ता कंपनी परस्पर भरते तो दिसत नाही, कराचा दिसतो. आईच्या बोटाखालचा रकानाच तो, टायफॉइड व्हायच्या आधीचा. पण अडचण पण खरी होती, अमेरिकेत ६५ च्या पुढच्यांचा मेडिकेअर हा विमा केंद्राचा, मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांना केंद्राचा कायदा, तिथे राज्याचा हात पोचत नाही, मग एकच पेटी म्हणता ती एक होणार कशी? कोलोरॅडो राज्याने २०१६ मध्ये अशाच योजनेवर सरळ मतदान घेतलं तर जवळजवळ ७९ टक्के लोक नाही म्हणाले. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२२ मध्ये तसंच बिल मतदानाच्या तोंडावर आलं, मतंच जमली नाहीत, मतदानालाच ठेवलं नाही.

एका राज्यातून सुरुवात होतच नाही असं मात्र नाही हं. कॅनडात झाली. टॉमी डग्लस नावाचा मुलगा, पायाच्या हाडाला इन्फेक्शन, घरात पैसे नाहीत, पाय कापायची वेळ आलेली. एका सर्जनने फुकट ऑपरेशन केलं, अट एकच की विद्यार्थ्यांना बघू द्यायचं. पाय वाचला. हाच मुलगा पुढे सस्कॅचवान प्रांताचा मुख्यमंत्री झाला, १९४७ ला आधी फक्त हॉस्पिटलचा खर्च सरकारने घेतला आणि मग १ जुलै १९६२ ला डॉक्टरांची फी पण. तोवर डग्लस दिल्लीच्या, म्हणजे तिकडच्या ऑटावाच्या राजकारणात गेलेले, गादीवर वुड्रो लॉइड. त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, २३ दिवस! ब्रिटनहून डॉक्टर आणावे लागले. शेवटी तडजोड झाली की डॉक्टर सरकारचे नोकर होणार नाहीत, आपला दवाखाना आपला, फक्त बिल सरकारला. दहा वर्षांच्या आत सगळ्या प्रांतांनी तेच केलं.

आपल्या शेजारी राजस्थानात मार्च २०२३ मध्ये राइट टू हेल्थचं बिल पास झालं तेव्हा खाजगी डॉक्टर असेच रस्त्यावर आले होते. तो काही सिंगल पेयर नाही, पण भांडण ओळखीचं वाटेल, इमर्जन्सीतला पेशंट आम्ही घेऊ पण पैसे कोण देणार, कधी देणार?

आणि कॅनडात सगळं गोडच आहे असं जावयांना सांगू नका, ते तिकडचं जवळून बघतात, लगेच पकडतील. गुडघा बदलायला कित्येक महिने थांबावं लागतं, आणि दात, चष्मा, घरी घ्यायच्या गोळ्या हे बऱ्याच जणांना आपल्या खिशातून नाहीतर कंपनीच्या विम्यातून.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, विजयनगरला आयटीत आहे. आठ वर्षांत डॉक्टरचं तोंड बघितलं नाहीये. लोकांच्या बीपी-शुगरचा टॅक्स मी का भरू? – एक तरुण वाचक

उत्तर : भाऊ, भरतोयसच की. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम म्हणजे तेच, तुझ्या हप्त्यातून शेजारच्या टेबलावरच्या चाळिशीतल्या साहेबांची अँजिओप्लास्टी होते. फक्त ते कंपनीच्या खर्चात जातं, तुला स्लिपवर दिसत नाही. नोकरी बदलताना मधले दोन महिने कव्हर कुठे असतं ते एचआरला विचारून बघ. आणि आईबाबांच्या पॉलिसीचं कोटेशन काढलंयस का कधी, साठीच्या पुढचं? काढ आणि मग परत लिही, मी छापीन.

हां, एक गोष्ट मात्र तुझी मानते, पेटी सरकारची असली की तिच्यात हात घालणारे पण येतात आणि हॉस्पिटलला पैसे वेळेवर गेले नाहीत की ते पेशंटला दारातूनच परत पाठवतात. नुसतं कार्ड छापून होत नाही, पाठीमागे पैसा हलायला पाहिजे.

प्रश्न : वय ७४, पेन्शनर. ७० च्या पुढच्यांना आता आयुष्मान कार्ड मिळतं म्हणे. मेडिक्लेम आहे, तरी मिळेल का? बीपीच्या गोळ्या येतील का त्यात? – एक आजोबा, रामबाग

उत्तर : आजोबा, मिळेल. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या पुढच्या सगळ्यांना आहे, उत्पन्न बघत नाहीत, खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. आधार घेऊन जा, मोबाइल पण न्या, ओटीपी येतो. सीजीएचएसवाले असाल तर मात्र दोन्हीपैकी एकच निवडावं लागेल. गोळ्या नाही येणार, भर्तीच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढाच औषधांचा खर्च धरतात, रोजच्या गोळ्यांसाठी जन औषधी केंद्रात बघा, स्वस्त पडतं. आणि आजी पण सत्तरीच्या पुढे असतील तर ५ लाख दोघांत मिळून, प्रत्येकी नाही.