आधी रजिस्टर, मग ब्लॉक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. सत्तरीच्या रुग्णांच्या पॅराफिन ब्लॉकमधल्या (मेणात जपलेल्या ऊतींच्या तुकड्यांतल्या) डीएनएत ‘सी’च्या, म्हणजे सायटोसिनच्या, जागी ‘टी’, म्हणजे थायमिन, झालेले बदल तिशीच्या रुग्णांपेक्षा जास्त दिसतात, हे वार्धक्य समजायचं का, असं विचारलंयस. विचारलंस हे बरं केलंस. पण पाच पानांच्या पत्रात ते तुकडे मेणात बसवण्याआधी फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, किती तास होते याची एक ओळ नाही. राग त्याचा आला.

हर्णैच्या लिलावात माझी आई पापलेटाच्या चकाकीला कधी भुलली नाही. आधी कल्ले उघडायची. जाळ्यातून निघून बर्फात पडेपर्यंत किती वेळ गेला, ते तिला तिथे कळायचं. तुझ्या ब्लॉकचे कल्ले म्हणजे लॅबचं रजिस्टर. आधी रजिस्टर बघ.

फॉर्मलिन प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना जखडून टाकतं. ती बंधनं प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज-के आणि पुढे ९० अंशांवर तासभर उष्णता दिली की बरीचशी सुटतात. तुटलेला धागा मात्र जुळत नाही. नॅनोड्रॉपवर, डीएनए मोजायच्या त्या यंत्रावर, १.८ आलं म्हणून खूश झालीस, पण तो आकडा शुद्धतेचा आहे, लांबीचा नाही. १००, २००, ३००, ४०० बेसजोड्या, म्हणजे डीएनएची तितकी अक्षरं, लांबीच्या तुकड्यांच्या प्रती काढणारे पीसीआर लाव आणि कुठे बंद पडतं ते बघ.

आता तुझा ‘टी’. फॉर्मलिनमध्ये सायटोसिनचा अमिनो गट गळतो, युरॅसिल होतं, आणि डीएनए वाचणारं यंत्र ते ‘टी’ वाचतं. यूडीजी एन्झाइम ते युरॅसिल काढून टाकतं, हे तुला माहीत आहे. पण जिथे सायटोसिनवर मिथाइल खूण (एक छोटी रासायनिक खूण) असते तिथे थेट थायमिनच तयार होतं. यूडीजीला ते दिसतच नाही. आणि आपल्या पेशींत वयाबरोबर साचणारे बदलसुद्धा नेमके त्याच जागांवर, तसेच ‘सी’चे ‘टी’ असतात! होर्व्हाथ या शास्त्रज्ञाच्या २०१३ च्या, मिथाइल खुणांवरून वय सांगणाऱ्या घड्याळासाठी ३५३ जागांची मिथाइल खूण वाचायला गेलीस तरी हाच घोळ, कारण असा बिघडलेला सायटोसिन तिथे ‘खूण नाही’ म्हणून मोजला जातो. माणसाचं म्हातारपण आणि बरणीतले दिवस वेगळे करायचे तर आधी रजिस्टर.

मी हे इतक्या हट्टाने का सांगते? आमच्या लॅबमध्ये फॉर्मलिन साध्या नळाच्या पाण्यात कालवायचे, फॉस्फेट न घालता. असं फॉर्मलिन ठेवून ठेवून आंबट होतं आणि ते आम्ल डीएनएचे तुकडे पाडतं. गौरी-गणपतीला अख्खी लॅब गावी. गर्भाशयांच्या बरण्या आठ-आठ दिवस तशाच. स्लाइड मात्र सुरेख यायच्या, निदान कधी चुकलं नाही. फॉस्फेटची मागणी मी दोनदा केली, दोनदा नामंजूर झाली. सर्जनला निदान हवं होतं, ते आम्ही वेळेवर दिलं. त्या काळी त्या ब्लॉकमधून कुणी डीएनए मागेल हे कुणाच्या डोक्यात होतं? पण तास लिहायला फॉस्फेट लागत नव्हतं, पेन लागत होतं. ते मी लिहिले नाहीत. पुढे एका संशोधकाने तेच ब्लॉक मागितले, शेवटचा काप संपेपर्यंत कापले, आणि १०० बेसजोड्यांच्या वर काही निघालं नाही. कुठला ब्लॉक चतुर्थीचा आणि कुठला माघातला, हे मी त्याला सांगू शकले नाही.

तेव्हा आता एकही ब्लॉक कापू नकोस, ऐक माझं. म्हातारे आणि तरुण एकाच वर्षाचे, एकाच हंगामाचे निवड. प्रत्येकाचे दोन स्वतंत्र काप घेऊन डीएनए वेगवेगळा काढ. दोन्हींत सापडेल तोच बदल मोज. वरचे, हवा लागलेले काप टाकून दे.

रेकॉर्ड रूममध्ये ओल असेल, पानं एकमेकांना चिकटली असतील, ओढू नकोस. तास लिहिलेले नसतीलच. मग त्या वर्षाचं कालनिर्णय मिळव आणि नमुना आल्याची तारीख गणपतीच्या सुट्टीशी ताडून बघ. काय निघतं ते लगेच कळव.

तुझी,
मॅडम