सुनेच्या रक्तात एचटीएलव्ही-१ आढळला; बाळाला अंगावर पाजायचं की नाही?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त जपानला असतो. सून तिथलीच, कागोशिमाची. तिला सातवा महिना लागलाय. गरोदरपणातल्या तपासणीत तिच्या रक्तात ‘एचटीएलव्ही-१’ नावाचा विषाणू आढळला. बाळाला अंगावर न पाजलेलं बरं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मुलाने वाचलं की हा एचआयव्हीच्या जातीचा आहे आणि त्याने कॅन्सर होतो. सून सारखी रडते. आमचे नातेवाईक विचारतात, हे तिला आलं कुठून? बाळंतपणाला मी जाणार आहे. बाळाला मी जवळ घेतलं तर चालेल ना? – एक वाचक

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. बाळाला खुशाल जवळ घ्या, सुनेलाही घ्या. हा विषाणू स्पर्शाने, एकत्र राहण्याजेवण्याने, खोकल्याशिंकण्याने पसरत नाही. तो रक्तातल्या जिवंत पेशींच्या आत दडून राहतो आणि त्या पेशी दुसऱ्याच्या शरीरात गेल्या तरच पुढे जातो. त्यामुळे वाटा मोजक्याच आहेत : आईचं दूध, शरीरसंबंध, रक्त, वापरलेली सुई आणि अवयवरोपण.

आता नातेवाइकांचा प्रश्न. बहुतेक तिला तो तिच्या आईच्या दुधातून आला असावा, तान्ही असतानाच. कागोशिमा ज्या क्यूशू बेटावर आहे, तिथे हा विषाणू पिढ्यान्‌पिढ्या आहे. १९७७ मध्ये क्योटोच्या डॉक्टरांनी रक्ताच्या एका वेगळ्याच कॅन्सरचं वर्णन केलं, तेव्हा त्यांचे बहुतेक रुग्ण क्यूशूत जन्मलेले निघाले. विषाणू सापडला त्यानंतर, १९८० मध्ये, अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत. माणसात सापडलेला हा पहिला रेट्रोव्हायरस (म्हणजे आपली जनुकं पेशीच्या डीएनएत घुसवणारा विषाणू), एचआयव्ही नंतरचा. प्रत्येक गरोदर स्त्रीची तपासणी जपानमध्ये देशभर सुरू झाली ती २०१० नंतर. तुमच्या विहीणबाईंना कळायला मार्गच नव्हता. सुनेच्या चारित्र्याबद्दल कुणी एक शब्द जरी काढला, तर तुम्ही तिथल्या तिथे गप्प करा. तिला आत्ता औषधापेक्षा याची जास्त गरज आहे.

एचआयव्हीशी नातं आहे, पण वागणूक उलटी. एचआयव्ही टी-पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, मारतो. हा त्यांना जगवतो, वाढायला लावतो. पेशीच्या डीएनएत शिरतो आणि पेशी दुभंगली की तिच्याबरोबर त्याचीही नक्कल होते. म्हणून एचआयव्हीच्या गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही. लसही नाही. पण १०० पैकी ९० हून अधिक वाहकांना त्याच्यामुळे कधीही गंभीर आजार होत नाही. कॅन्सर होतो तो सुमारे ५ टक्क्यांना, तोही बहुधा संसर्गानंतर कित्येक दशकांनी. दुसरा आजार मज्जारज्जूचा. १९८५ मध्ये कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर त्याचा या विषाणूशी संबंध लागला आणि पुढच्याच वर्षी कागोशिमाच्या डॉक्टरांनीही तो ओळखला.

लंडनला शिकत असताना मी कॅरिबियन वंशाची एक बाई पाहिली होती. पाय ताठरत चाललेले, लघवीवर ताबा नाही, आणि कित्येक वर्षं मणक्याचं दुखणं म्हणून उपचार चाललेले. रक्ताची एक तपासणी कुणाला सुचली नाही. ती आठवली की मला अजून राग येतो. जगात अंदाजे ५० लाख ते १ कोटी लोकांत हा विषाणू आहे आणि हा आकडासुद्धा जिथे मोजणी झाली त्या भागांपुरताच. कॅरिबियन, पश्चिम आणि मध्य आफ्रिका, ब्राझील, पेरू, इराणमधलं मशहद. मध्य ऑस्ट्रेलियातल्या काही आदिवासी वस्त्यांत तर ४० टक्क्यांहून जास्त प्रौढांना. तरी २०१८ मध्ये गॅलो आणि इतर संशोधकांना जागतिक आरोग्य संघटनेला खुलं पत्र लिहून ‘याच्याकडे लक्ष द्या’ म्हणावं लागलं! गरिबांचे, बेटांवरचे, आदिवासींचे आजार असेच मागे पडतात.

दुधाचं. आधी विचारा की दुसरी, खात्रीची तपासणी झाली का. पहिल्या चाचणीत ‘आहे’ आलेल्या काही जणींना प्रत्यक्षात संसर्ग नसतो. खात्री झाली असेल, तर आकडे असे : बरेच महिने अंगावर पाजलं, तर १०० पैकी १५ ते २० बाळांना संसर्ग होतो, अजिबात पाजलं नाही, तर साधारण ३ बाळांना. नागासाकीत १९८७ पासून याच मार्गाने कितीतरी मुलं वाचली. तिथले डॉक्टर आणखी एक पर्याय देतात : ९० दिवसांपर्यंतच पाजायचं. धोका फारसा वाढत नाही असं दिसतं. पण ठरल्या दिवशी तोडणं अनेकींना जमत नाही, हे लक्षात घ्या. माझा कल वरच्या दुधाकडे आहे. जिथे स्वच्छ पाणी किंवा डब्याचं दूध मिळत नाही, तिथे मी हा सल्ला देणार नाही, तिथे अतिसारच बाळाचा जीव घेईल. तुमच्या सुनेला ती अडचण नाही. निर्णय मात्र तिचा. ‘आमच्या वेळी सगळ्या अंगावरच पाजायच्या’ हे वाक्य कृपा करून तिच्यासमोर नको.

मुलाने स्वतःची तपासणी करून घ्यावी. पत्नीकडून पतीला संसर्ग होण्याचं प्रमाण उलट दिशेपेक्षा कमी असतं. तोवर निरोध वापरावा. सुनेने रक्तदान करू नये. पाय जड होणं, लघवीची तक्रार, मानेत-काखेत गाठी, न जाणारं पुरळ, डोळ्यांपुढे जाळं, यातलं काही जाणवलं तर डॉक्टरांना आधी विषाणूचं नाव सांगावं. स्टिरॉइड सुरू होण्यापूर्वीही सांगावं, कारण स्ट्राँगिलॉइडिस नावाचे आतड्यातले कृमी अशा रुग्णांत जिवावर उठू शकतात. बाळाची तपासणी तीन वर्षांचं झाल्यावर करा. त्याआधी आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे निकाल फसवा येऊ शकतो.