न्यू जर्सीत अंगणात येणाऱ्या मोनार्क फुलपाखरांना टॅग कसा लावायचा? त्यांना इजा होते का?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात अंगणातल्या ॲस्टरच्या फुलांवर मोनार्क येतात आणि मुलांना सोबत घेऊन त्यांना टॅग लावायचे आहेत. जरूर लावा. टॅग म्हणजे कोड छापलेलं 9 मिलिमीटर व्यासाचं गोल स्टिकर, वजन जेमतेम 10 मिलिग्रॅम. फुलपाखरू साधारण अर्ध्या ग्रॅमचं असतं. योग्य जागी बसवला तर त्याला काही होत नाही. मात्र स्टिकर चिकटवणं हा यातला सोपा भाग आहे. नंतर नोंद पाठवली नाही तर सगळी मेहनत फुकट, आणि माणसं नेमकी तिथेच कंटाळतात.

टॅग कॅन्सस विद्यापीठातल्या ‘मोनार्क वॉच’कडून मिळतात. हा उपक्रम 1992 पासून चालू आहे. हंगामाच्या बरंच आधी मागवा.

घाई करू नका. ऑगस्टच्या सुरुवातीला दिसणारी बहुतेक मोनार्क इथलीच असतात. दोन ते सहा आठवडे जगतात, अंडी घालतात, संपतात. हिवाळा काढायला मेक्सिकोला जाणारी पिढी वेगळी. ती प्रजनन लांबणीवर टाकते आणि आठ-नऊ महिने जगते. तुमच्याकडे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिची गर्दी असते. अंडी घालणारी मादी, जुळलेली जोडी किंवा विटक्या-फाटक्या पंखांचं फुलपाखरू सापडलं तर टॅग वाया घालवू नका.

जाळी लांब दांड्याची घ्या. मोनार्क फुलावर रस पीत असताना मागून एका झटक्यात जाळी फिरवा आणि लगेच तिची पिशवी वळवून तोंड बंद करा. मग आत हात घालून चारही पंख मिटलेल्या स्थितीत, धडाजवळ, बोटांच्या चिमटीत धरा. एकच पंख धरलात तर फडफडून तो फाटतो. आता मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, म्हणजे पंख मिटल्यावर बाहेर दिसणाऱ्या बाजूला, काळ्या शिरांनी वेढलेला एक मोठा कप्पा दिसेल. टॅग तिथे. ही जागा शरीराच्या तोलाजवळ आहे, म्हणून उडताना वजन एका बाजूला ओढत नाही. पुढच्या पंखावर लावू नका. टोरांटोचे मोनार्क-अभ्यासक फ्रेड अर्कहार्ट पूर्वी पुढच्या पंखाच्या कडेवर दुमडून टॅग लावत, त्यासाठी पंखावरचे खवले खरवडावे लागत. आता त्याची गरज नाही.

टॅग कागदावरून टूथपिकने उचला. गोंदाला बोट लागलं की पकड गेली. हाताला लोशन असेल तर आधी धुवा, आणि डासांचं औषध लावून फुलपाखराला मुळीच हात लावू नका. अंगठ्याने दोन-तीन सेकंद दाबा आणि सोडा. हवा 13 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर त्याला उडता येत नाही, त्यामुळे थंडीत किंवा अंधार पडताना पकडू नका.

सोडायच्या आधी, टॅगवरचा कोड डोळ्यांसमोर असतानाच, वहीत लिहा: कोड, तारीख, गाव आणि झिप कोड, नर की मादी, रानातलं की घरी वाढवलेलं. नराच्या मागच्या पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. मादीला तो नसतो आणि तिच्या शिरा जाड दिसतात. ही यादी हंगाम संपताच मोनार्क वॉचला पाठवा. तो कोड मेक्सिकोत सापडला आणि तुमची यादीच पोचलेली नसेल, तर ते फुलपाखरू कुठून आलं हे कोणालाच कळणार नाही.

सापडण्याची आशा किती? साधारण शंभरात एक, आणि पूर्व किनाऱ्यावरून निघालेल्यांची त्याहून कमी. मध्य-पश्चिमेतली जास्त सापडतात. मेक्सिको देशातल्या मिचोआकान आणि मेक्सिको या राज्यांत, सुमारे 3,000 मीटर उंचीवरच्या ओयामेल (एक प्रकारचा फर) वृक्षांच्या जंगलात मेलेल्या फुलपाखरांच्या सड्यातून गावकरी आणि वाटाडे टॅग शोधून काढतात, त्याचा त्यांना मोबदला मिळतो. इथे एक मेख आहे. जानेवारी 2002 च्या वादळात प्रचंड संख्येने मोनार्क मेली आणि त्या हंगामातले टॅग भरपूर सापडले. म्हणजे टॅग जास्त सापडले म्हणून फुलपाखरं जास्त, असा हिशेब लावता येत नाही. संख्या ठरते ती जंगलाचा किती भाग त्यांनी व्यापला यावरून: 1996-97 मध्ये 18 हेक्टरांहून थोडा जास्त, 2013-14 मध्ये 0.67, 2024-25 मध्ये 1.79. टॅगमधून कळतं ते वेगळं: कुठल्या भागातून, कुठल्या तारखेला निघालेली पोचतात आणि उशिरा निघालेल्यांचं काय होतं. वाटेतला मुक्काम त्यातून समजत नाही. त्यासाठी आता सौरऊर्जेवर चालणारे 0.06 ग्रॅमचे रेडिओ टॅग आलेत, त्यांचा संकेत मोबाइलच्या ब्लूटूथलाही मिळतो. मात्र ते फुलपाखराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके आहेत. मुलांच्या हातात देण्याची ती गोष्ट नव्हे.

टॅग लावायला हवेत म्हणून घरात डझनावारी अळ्या वाढवू नका, एवढं मात्र आग्रहाने सांगेन. गर्दीत ओई नावाचा परजीवी झपाट्याने पसरतो. शिवाय 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घरात वाढवलेल्या मोनार्कना दक्षिणेची दिशा धरता आली नव्हती.

त्यापेक्षा मिल्कवीड लावा. अळी दुसरं काही खात नाही. आपल्या रुईच्याच कुळातली ही झाडं, तोडली की तसाच पांढरा चीक येतो (एका जातीत तो नसतो). तुमच्याकडे कॉमन, स्वॅम्प आणि बटरफ्लाय वीड या तीन जाती चांगल्या. नर्सरीत लाल-पिवळ्या फुलांचं ‘ट्रॉपिकल’ मिल्कवीड दिसेल. आपल्याकडे त्याला हळदीकुंकू म्हणतात. ते घेऊ नका. न्यू जर्सीच्या थंडीत ते मरतं, पण टेक्सास-फ्लोरिडात बारमाही टिकून ओई पसरवतं. रोप घेताना त्यावर कीटकनाशक मारलेलं नाही ना, हे विचारा. बी नोव्हेंबरात थेट मातीत टाका, कारण थंडी लागल्याशिवाय ते नीट उगवत नाही. उन्हाळ्यात पेरायचं झालं तर आधी ओल्या कागदात गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा.