डॉक्टर नक्की कोणाला व्हायचंय?

तुमच्या पत्रात मुलीच्या गुणांचा हिशेब चोख आहे. नीटचे दोन प्रयत्न, विषयवार गुण, क्लासची फी, सगळं. तिला वंचितांच्या आरोग्यासाठी काम करायचंय, म्हणून ‘आधी डॉक्टर हो, सेवा मग कर’ असं सांगून तुम्ही तिला तिसऱ्यांदा परीक्षेला बसवताय. आणि शेवटी जाता जाता एक वाक्य: ‘हल्ली ती आमच्याशी फारशी बोलत नाही.’ मला काळजी वाटली ती याची. ‘आम्ही ठरवलं’ हे पत्रात जागोजागी आहे. तिचं म्हणणं काय, ते कुठेच नाही.

तुमची एक तक्रार मात्र फार बोलकी आहे. घरकामाला येणाऱ्या बाईंबरोबर ती सरकारी रुग्णालयात जाते, केसपेपर काढते, अर्ज भरून देते आणि ‘अभ्यासाचा अख्खा दिवस घालवते’. अहो, ज्या कामासाठी तिला डॉक्टर करायला निघालात, ते ती आताच करतेय की!

डॉक्टर वाढले की उपचार पोचले, हा समज घरोघरी आहे. पण दवाखाना हाकेच्या अंतरावर असूनही माणसं जात नाहीत. ओपीडीच्या वेळेत गेलं तर दिवसाची मजुरी बुडते. रेशनकार्डावर नाव चुकलेलं असतं, या खिडकीवरून त्या खिडकीवर पिटाळतात, वर कोणीतरी खेकसतं. मग पुढचं दुखणं अंगावर काढलं जातं. यातलं काहीच स्टेथोस्कोपने सुटत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गावकऱ्यांच्या आरोग्याचं काम सुरू केलं. दोघंही डॉक्टर, पण त्यांनी भिस्त ठेवली ती गावातल्याच बायकांवर. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. बाळंतपणापासून कुष्ठरोग्यांपर्यंत सगळ्यांकडे त्या बघू लागल्या आणि तिथले बालमृत्यू घटले.

तिलाच डॉक्टर व्हायचं असेल तर जरूर बसू दे, नीटच्या प्रयत्नांना मर्यादा नाही. नसेल तर पदवीनंतर समाजकार्यातली एमएसडब्ल्यू किंवा सार्वजनिक आरोग्यातली एमपीएच करता येते. एमपीएचला बऱ्याच ठिकाणी एमबीबीएसची अट नसते. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, तुमची मुलगी आता करतेय नेमकं तेच काम ते करतात. पगार डॉक्टरइतका नसतो, तेवढी मनाची तयारी तुम्हीही ठेवा.

पुढचं पत्र तिला लिहू द्या आणि ते वाचायला मागू नका. तोवर क्लासची फी भरायची घाई नको.