जुनी फॅमिली सेडान घ्यायची आहे, पण प्रत्येक मॉडेलबद्दल तक्रारी वाचायला मिळतात. कोणते दोष मनावर घ्यायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा-बारा वर्षं किंवा त्याहून जुनी सेडान हवी, घरात पाच माणसं, रोजची ये-जा आणि अधूनमधून लांबचा प्रवास. टोयोटा कॅमरी, होंडा अकॉर्ड, ह्युंदाई सोनाटा, निस्सान अल्टिमा, फोक्सवॅगन पसाट या सगळ्यांबद्दल वाचलंत आणि प्रत्येकीचं काही ना काही रडगाणं सापडलं. आता काही ठरत नाही.

ठरणार नाहीच, कारण तुम्ही दोष मोजताय. ज्या गाड्या लाखोंनी रस्त्यावर आहेत त्यांच्या तक्रारीही ढिगानेच असणार. मोजूनच निवडायचं तर कुणीच न घेतलेली गाडी पहिली येईल. मी ओळखीपाळखीच्या लोकांना जुन्या गाड्या बघून देतो, तेव्हा दोष किती यापेक्षा त्याची जात बघतो. तो सांगून येतो की न सांगता? आणि आला की गाडीच्या किमतीचा किती घास घेतो? बाकी सगळं यानंतर.

कॅमरीपासून सुरुवात करू, कारण तिच्याबद्दल ‘डोळे झाकून घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. २००७ ते २००९ च्या २.४ लीटर इंजिनाच्या कॅमरी ऑईल खातात. पिस्टनच्या ऑईल रिंगांमध्ये कार्बन साठतो, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल नीट खरवडून खाली जात नाही आणि पेट्रोलबरोबर जळतं. टोयोटाने अमेरिकेत या गाड्यांची वॉरंटी वाढवून पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या होत्या. ऐकायला भयंकर वाटतं, पण हा सांगून येणारा दोष आहे. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑईल मोजायची सळई, दर आठवड्याला सांगते. ऑईल बघून टॉप-अप करणाऱ्याकडे अशी गाडी वर्षानुवर्षं चालते. न बघणाऱ्याकडे मात्र कोरडं पडून इंजिनकाम निघतं. म्हणजे प्रश्न मॉडेलइतकाच आधीच्या मालकाचाही आहे. डिपस्टिक कोरडी आणि मालक म्हणतोय ‘ऑईल कधी बघावंच लागलं नाही’, तर त्या गाडीपासून लांब राहा.

त्याच इंजिनाच्या आधीच्या, २००२ ते २००६ च्या गाड्यांचं दुखणं वेगळं. त्यात इंजिनाचा वरचा भाग (हेड) खालच्या भागाला (ब्लॉकला) आवळून धरणाऱ्या बोल्टचे ब्लॉकमधले आटे सुटल्याच्या घटना आहेत. आटे सुटले की हेड नीट दाबून बसत नाही, इंजिन गार ठेवणारं कूलंट गळतं आणि गाडी तापते. हे काम महाग, शिवाय ते मनापासून करणारा मेकॅनिकही शोधावा लागतो. एवढ्या जुन्या गाडीत मी त्या वाटेला जाणार नाही. २०१० पासून कॅमरीत २.५ लीटरचं नवं इंजिन आलं आणि ही दोन्ही दुखणी मागे पडली. एका वर्षाच्या फरकाने किती बदलतं बघा. म्हणून ‘कॅमरी चांगली का’ असं विचारू नका, वर्ष आणि इंजिन धरून विचारा.

अकॉर्डमध्ये आणखी एक गंमत आहे. २००८ ते २०१२ च्या चार सिलिंडरच्या अकॉर्डला गार असताना स्टार्टर मारला की पहिले एक-दोन सेकंद पत्रा खरवडल्यासारखा कर्कश आवाज येतो. बघायला आलेला माणूस घाबरून दोन पावलं मागे सरकतो. तो आवाज बहुधा इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप मागेपुढे करणाऱ्या ॲक्च्युएटर नावाच्या पार्टचा असतो. त्याचा सुधारित पार्ट मिळतो आणि तो बदलला की आवाज जातो. आवाज मोठा, दोष छोटा, आणि भाव पाडायला उत्तम मुद्दा. फक्त मेकॅनिककडून एवढं पक्कं करून घ्या, की आवाज ॲक्च्युएटरचाच आहे, व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारी टायमिंग चेन सैल झालेली नाही. ऑईलची पातळी इथेही बघाच.

व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडरच्या अकॉर्डचा हिशोब निराळा. २००० च्या आगेमागे आणि २००४ पर्यंतच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सनी होंडाला चांगलंच बदनाम केलं. नंतरच्या व्ही-सिक्समध्ये इंधन वाचवण्यासाठी काही सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आली आणि तिच्यासोबत ऑईल खाण्याच्या तक्रारी आल्या. शिवाय व्ही-सिक्सला चेनच्या जागी रबरी टायमिंग बेल्ट आहे. चार सिलिंडरच्या इंजिनाला चेन आहे. बेल्ट ठरल्या किलोमीटरला किंवा ठरल्या वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलायलाच लागतो. तो चालू इंजिनात तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. विकणारा म्हणाला ‘बेल्ट बदललाय’ आणि बिल दाखवता आलं नाही, तर तो बदललेला नाही असं समजूनच भाव करा. घरच्या वापराला व्ही-सिक्सची ताकद लागते कुठे? चार सिलिंडरचीच बघा.

आता सोनाटा. २०११ ते २०१४ च्या २.४ लीटर आणि २.० टर्बो इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मशिनिंगच्या वेळचा धातूचा कीस ऑईलच्या वाटांत राहून गेला. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला ऑईल पुरेना, बेअरिंग झिजलं, आतून ठकठक येऊ लागली आणि काही गाड्या चालत्या रस्त्यात बंद पडल्या. अमेरिकेत २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या (रिकॉल). अकॉर्डच्या नेमकं उलट: आवाज सुरुवातीला इतका हलका, की गाणी लावली तर ऐकू येत नाही, आणि बिल अख्ख्या इंजिनाचं. मागच्या सीटवर मुलं असताना मधल्या लेनमध्ये इंजिन बसणं हा नुसता पैशांचा प्रश्न नाही. तरीही सोनाटाला सरसकट काट मारू नका. रिकॉलमध्ये ज्या गाडीचं इंजिन कंपनीनेच बदललं आणि त्याचा कागद आहे, ती माझ्या मते बिनकागदाच्या ‘निर्दोष’ गाडीपेक्षा बरी. तुमच्या नशिबाने आजार होऊन गेलेला असतो.

अल्टिमाबद्दल माझं मत कडक आहे. २०१३ पासूनच्या पिढीत सीव्हीटीच्या (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) इतक्या तक्रारी आल्या, की निस्सानला अमेरिकेत त्या गिअरबॉक्सची वॉरंटी वाढवावी लागली. कमी वेगात थरथर, चढावर आरपीएम (इंजिनाचे फेरे) वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, लांब पल्ल्यावर तापून पिकअप जातो. थोड्या दुरुस्तीत भागत नाही, बहुतेक वेळा अख्खा गिअरबॉक्सच बदलावा लागतो. बदलल्याचं बिल असेल तर बोला, नाहीतर नाव काढून टाका. हायब्रिड कॅमरीतही सीव्हीटी म्हणतात त्याला घाबरू नका, त्यात पट्टा नसतोच, प्लॅनेटरी गिअर असतात आणि ते दणकट आहेत. तिथे बॅटरीची चिंता करा. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते, ती धुळीने आणि कुत्र्या-मांजरांच्या केसांनी गच्च भरलेली दिसली, तर बॅटरी तापत आलेली आहे असं समजा.

पसाट चालवायला यातली सगळ्यात मजेची, पण पहिल्या काही वर्षांच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत चेन ताणून धरणारा टेन्शनर दगा देतो. उभ्या गाडीत तो मागे सरकतो, स्टार्ट करताना चेन दात चुकवते आणि पुढे बेल्ट तुटल्यावर होतं तेच. याला आगाऊ सूचना जवळजवळ नाही. टायमिंग कव्हरवरचं छोटं रबरी बूच काढून आत जुना टेन्शनर आहे की सुधारित, हे जाणकार मेकॅनिक बघू शकतो. बघू दिलं नाही तर घेऊ नका. सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर मोकळ्या रस्त्यावर चालवून काही कळणार नाही. गर्दीत, मुंगीच्या पावलांनी, चढावर थांबत-निघत चालवा. झटके तिथेच बाहेर पडतात.

हे झालं मॉडेलचं. प्रत्यक्ष गाडी बघायला जाल तेव्हा एक अट आधीच घाला: इंजिन गार हवं. फोनवर सांगूनसुद्धा बॉनेट कोमट लागलं, तर मी तिथेच थांबतो आणि विचारतो की सकाळी कुठे गेला होतात. गार इंजिन खोटं बोलत नाही. चेनची खडखड, निळा धूर, डळमळणारं आयडलिंग, सगळं पहिल्या मिनिटात समोर येतं. ऑईलच्या झाकणाखाली पांढरा साय बसल्यासारखा थर दिसला तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) फुटल्याची शंका घ्या, पण थंड हवेत सतत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही वाफेने असा थर येतो. म्हणून सोबत कूलंटची टाकीही बघा, त्यात ऑईलचा तवंग आहे का, पातळी खाली गेली आहे का. दोन्हीकडे खूण असेल तर परत फिरा.

दुसरी गोष्ट म्हणजे स्कॅनर. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा, फोनला जोडायचा साधा ओबीडी स्कॅनरही पुरतो, पण तो काय वाचायचा हे माहीत हवं. एकदा एका ओळखीच्या माणसासोबत गाडी बघायला गेलो होतो. विकणाऱ्याने स्वतःहूनच सांगितलं, ‘लावा स्कॅनर, एकही कोड नाही.’ खरंच नव्हता. पण आतल्या तपासण्यांची यादी उघडली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा), सगळ्यांपुढे ‘अपूर्ण’. खाली कोड पुसल्यापासूनचं अंतर लिहिलेलं: १४ किलोमीटर. म्हणजे चेक इंजिनचा दिवा आम्ही येण्याच्या जरा आधीच पुसला होता, आणि गाडीला पुन्हा तक्रार करायला वेळच मिळाला नव्हता. बॅटरी नुकतीच बदलली तरीही असं दिसतं, हे खरं. मग बॅटरीवरची तारीख वाचा. तिथे ती चांगली दोन वर्षं जुनी होती. आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

कागदांचं सांगायला हवं तेवढं कुणी सांगत नाही. मीटर मागे फिरवणं काही अवघड नाही, पण सर्व्हिसच्या बिलांवर दर वेळचं रीडिंग असतं आणि ते चढत जायला हवं. मधेच ते खाली उतरलं की विषय संपला. जाता जाता पेडलचं रबर, स्टिअरिंगचं घासलेलं चामडं, ड्रायव्हरच्या सीटची दबलेली कड बघा. ५०,००० किलोमीटरच्या गाडीत पेडल गुळगुळीत होत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एकाच बाजूने झिजलेला टायर अलाइनमेंट बिघडलेली किंवा चासी वाकलेली असल्याची खूण असू शकतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पाण्यात बुडालेल्या गाडीचं सगळं धुतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाशी गाळाची रेघ बऱ्याचदा राहते.

एअरबॅग मात्र वाटाघाटीचा विषय नाही. टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये (एअरबॅग फुगवणारा डबा) अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागला की ते बिघडतं आणि अपघातात इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे आतल्या माणसांवर उडतात. जगभर कोट्यवधी गाड्या यात परत बोलावल्या गेल्या, त्यात तुमच्या यादीतल्या वर्षांच्या बऱ्याच अकॉर्डही आहेत. सतरा अक्षरांचा चासी नंबर कंपनीला देऊन रिकॉल झाला आहे की बाकी, ते विचारा. बाकी असेल तर दुरुस्ती फुकट होते, पण ती झाल्याशिवाय घरच्यांना त्या गाडीत बसवू नका.

उलट सस्पेन्शनच्या खडखडाटाने बिथरू नका. बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट, शॉकअब्सॉर्बर हे सगळे झिजायलाच बनवलेले पार्ट आहेत. एसीचा कॉम्प्रेसर, खिडकीची मोटर, फुटलेलं माउंटिंग, हेही तसेच. लिहून ठेवा, मेकॅनिककडून खर्च काढा आणि भावातून वजा करा. खालून गंजलेली सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारा सांगाडा) यात बसत नाही, तिथे वजाबाकी करू नका.

तुमच्या यादीतून मला निवडायला सांगाल तर पहिली २०१० पासूनची २.५ लीटर कॅमरी, दुसरी चार सिलिंडरची अकॉर्ड, तिसरी इंजिन बदलल्याचा कागद असलेली सोनाटा. यादीत नसलेलं एक नाव मी घालतो: २०१४ च्या आसपासची माझदा ६, टर्बो नसलेलं २.५ लीटर इंजिन आणि साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक. त्यात गुंतागुंत कमी आहे, म्हणून बिघडायलाही कमी आहे, आणि कॅमरीइतका तिचा बोलबाला नसल्याने भावात थोडी जागा मिळते. कुठलीही घेतलीत तरी पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑईल, गिअरबॉक्स ऑईल, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड बदला. त्या पैशांची तरतूद सौदा करतानाच बाजूला ठेवा. गिअरबॉक्स ऑईल मात्र काळं, जळकट वासाचं निघालं तर ते बदलायच्या आधी मेकॅनिकला दाखवा. हे शक्य तर गाडी घेण्याआधीच तपासून घ्या, कारण झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये नवं ऑईल घातल्यावर तो घसरू लागला, तर दोष ऑईलचा नसतो, पण भांडायला विकणारा समोर नसतो.